मामा, साधी घेऊ का वरची?

पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जेवढं वाचलं तेवढं सोयाबीन मेव्हण्यांनी भावाची वाट बघत घरात ठेवलं होतं, ते आडतीला गेलं, पट्टी हातात आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच माझा भाचा गॅरेजवर येऊन बसला. मी अजून शटरसुद्धा पुरतं वर केलं नव्हतं.

"मामा, एम घ्यायलोय बघा. अण्णा हो म्हणलेत."

मोबाईलवर यामाहाच्या आर१५ एमचा फोटो. मी म्हणलं, साधी आर१५ व्ही४ आणि ही एम, दोन्हीत फरक काय ते सांग. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणला, "एम ती एमच की मामा."

लातूरला बार्शी रोडला माझं गॅरेज बावीस वर्षांपासून आहे. त्याआधी पाच वर्षं वाळूजला कंपनीत लाईनवर काढली. दसरा, दिवाळी, पाडवा जवळ आला की अशी पोरं येतात, कधी सोबत बापही येतो, आणि प्रश्न एकच असतो: एकाच गाडीची साधी घ्यावी का वरची. शोरूममध्ये हा प्रश्न विचारून उपयोग नाही, तिथलं उत्तर ठरलेलं असतं. म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. गाडी आर१५ असो, अपाचे असो नाहीतर पल्सर, रीत तीच.

आधी दोन्ही व्हेरियंटचं लेखी कोटेशन आणि तपशिलाचा छापील कागद आणा. मोबाईलवर बघू नका, कागदच पाहिजे. मग पेन घ्या आणि जे जे दोन्हीत सारखं आहे त्यावर काट मारा. भाच्याला मी तिथंच स्टुलावर बसवून मारायला लावली. इंजिन १५५ सीसी, दोन्हीत तेच. ताकद १०,००० आरपीएमला १८.४ पीएस, ओढ म्हणजे टॉर्क ७,५०० ला १४.२ एनएम, दोन्हीत तेच. ७,४०० च्या पुढं व्हॉल्व्हचा कॅम बदलणारी व्हीव्हीए, दोन्हीत. पुढचे यूएसडी म्हणजे उलटे शॉकअप, दोन्ही चाकांचं ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल, मागचा १४० चा रेडियल टायर, ११ लिटरची टाकी. काट, काट, काट. कागद जसजसा निळा होत गेला तसा भाच्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी उरलं काय? रंग, सीटचं कव्हर, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर टाकायची सोय) आणि अलीकडच्या मॉडेलला आलेलं रंगीत स्क्रीनचं टीएफटी मीटर. त्यातही २०२१ ला गाडी आली तेव्हा साध्या व्ही४ च्या निळ्या रंगात क्विकशिफ्टर मिळतच होता. म्हणून कोटेशन मागताना नुसतं व्हेरियंट सांगून थांबू नका, रंगही सांगा. कंपन्या फिटिंग रंगाला बांधून ठेवतात.

मागं लावलेल्या अक्षरावर तर अजिबात जाऊ नका. यामाहाचीच मोठी आर१ घ्या. २०१५ ला तिची आर१ एम आली, तिच्यात ओहलिन्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन (शॉकअप) होतं, कार्बन फायबरची बॉडी होती. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ ला एस लागला की ओहलिन्सचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन येतं, फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेली हलकी चाकं येतात; चाक हलकं झालं की गाडी झुकवायला हलकी लागते. आपल्या आवाक्यातलं उदाहरण पाहिजे तर टीव्हीएसनं २०२१ ला अपाचे आरआर ३१० ला दोन किट काढली. डायनॅमिक किट १२,००० रुपयांचं, त्यात पुढचे-मागचे शॉकअप पूर्ण अॅडजस्ट होणारे आणि चेनला पितळेचा मुलामा. रेस किट ५,००० चं, त्यात हँडल बदलतं आणि फूटरेस्ट वर जातात. तिथं पैसे कुठं गेले ते पान्यानं फिरवून दाखवता येतं. आर१५ एममध्ये तसला प्रकार नाही. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. साध्यापेक्षा वेगळी गाडी ती नाही, एवढंच.

काट मारून उरलेल्या प्रत्येक ओळीला मी एक प्रश्न लावतो: हे नंतर बसतं का?

टायर, ब्रेक पॅड, लिव्हर, सीट, मोबाईल होल्डर हे सगळं नंतर बसतं, आणि बऱ्याचदा कंपनीपेक्षा बरं बसतं. एबीएस नंतर बसत नाही. चाकाची सेन्सर रिंग, मॉड्युलेटर, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सगळं कारखान्यातून आलं तरच. ट्रॅक्शन कंट्रोलचंही तसंच. शॉकअप म्हणायला बसतात, पण शॉकअप धरणारी वरची-खालची टी बदला, ब्रेकचं कॅलिपर जुळवा, चाकाचा एक्सल जुळवा, इतकं करून दुसऱ्या गाडीचे शॉकअप घालून जी पोरं माझ्याकडं आली, त्यातल्या निम्म्यांची गाडी हात सोडला की एका बाजूला ओढायची.

एबीएसवर जरा थांबतो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनलही कायद्यात बसतं. सिंगल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. पल्सर एन१६० २०२२ ला आली ती सिंगल आणि ड्युअल अशा दोन प्रकारांत, फरक पाच हजारांच्या आसपास. त्या वेळी जो जो विचारायला आला त्याला मी हात जोडून सांगितलं, बाबा, पाच हजार घाल, ड्युअल घे.

कारण मी स्वतः पडलोय. तेव्हाच्या माझ्या गाडीला एबीएसच नव्हतं. ऑक्टोबर महिना, मुरुडहून लातूरला येत होतो, दिवस बुडालेला. रस्त्याच्या कडेला मळणी यंत्र लावलेलं आणि अर्ध्या डांबरावर सोयाबीनचं भुसकट पसरलेलं. ते मला दिसलं तेव्हा पायाचा ब्रेक दाबून झाला होता. मागचं चाक जाम झालं, कडेला सरकलं, आणि गाडी माझ्या आधी खाली गेली. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मेकॅनिकचा डावा हात प्लास्टरमध्ये म्हणजे घरात काय चालतं ते विचारू नका.

आणि भुसकट तर महिनाभराचं. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून वर येतो तो चाकाची काळी माती डांबरावर सोडत जातो. वरून भुरभुर पाऊस आला की ती साबणासारखी होते. उसाचा हंगाम लागला की ट्रॉलीतून पाचट पडतं. असल्या ठिकाणी माणूस दचकला की पहिला पाय जातो तो मागच्या ब्रेकवर. मागच्या चाकालाही एबीएस असेल तर चाक फिरत राहतं आणि गाडी सरळ राहते. लवकर थांबेल असं समजू नका, सुट्या खडीवर थांबायचं अंतर उलट वाढतं. पण चार हात पुढं जाऊन का होईना, दोन चाकांवर थांबते. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम उलटं, ते अॅक्सिलरेटर पिळल्यावर मागचं चाक घसरू देत नाही. ब्रेकशी त्याचा संबंध नाही. ही दोन नावं पोरं नेहमी एकात एक करतात.

आता शॉकअप. यासाठी शोरूमची टेस्ट राईड कामाची नाही. दोन किलोमीटर गुळगुळीत रस्ता आणि मागं सेल्समन बसलेला, त्यात काय कळणार. ज्याच्याकडं तीच साधी गाडी आहे असा मित्र शोधा, त्याला पेट्रोल भरून द्यायचं कबूल करा आणि एक झिप टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) घेऊन जा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीला टाय बेताचा आवळायचा, बोटानं सरकला पाहिजे पण आपणहून घसरता कामा नये. मग तो सरकवून धुळीच्या सीलला (नळी जिथं आत शिरते तिथलं रबर) टेकवायचा. यूएसडीला ही नळी खाली असते, जुन्या पद्धतीच्या शॉकअपला वर. आता तुमच्या रोजच्या रस्त्यानं जा. घर ते कॉलेज, गाव ते शेत, जो असेल तो. गतिरोधक, पुलाचे जोड, खड्डे, सगळं नेहमीच्याच वेगानं. शॉकअप जितका आत दबला तितका टाय सीलनं ढकलत नेलेला असतो. परत आल्यावर सील आणि टाय यांच्यातलं अंतर बघा. टाय पार टोकाला जाऊन बसला असेल तर शॉकअप तळाला लागतायत, आणि अॅडजस्ट होणारे शॉकअप तुमच्या कामाचे आहेत. दोन-तीन बोटं नळी शिल्लक असेल तर कंपनीचे साधे शॉकअप तुम्हाला पुरतात.

भाच्याचं वजन पंचावन्न किलो. पोतंभर सुद्धा नाही. त्याच्याखाली शॉकअप काय दबणार? दोन बोटांच्या वर जागा उरली.

नव्वद किलोचा माणूस असेल, किंवा रोज डबलसीट जाणं असेल, तर गणित वेगळं. पण मग ते स्क्रू फिरवायची तयारी पाहिजे. प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वजनाप्रमाणे तो बदलतात. कम्प्रेशन म्हणजे शॉकअप दबताना तेलाला होणारी अडवणूक, रिबाउंड म्हणजे परत वर येतानाची. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर रिबाउंड कमी पडतंय. लागोपाठ खड्ड्यांत ती खाली खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त झालंय. सुरुवात प्रीलोडपासून करा: गाडी उभी धरून दोघांनी शॉकअप ओढून पूर्ण मोकळा करायचा, नळी मोजायची, मग अंगावरच्या कपड्या-बॅगेसकट बसून पुन्हा मोजायची. ३० ते ३५ मिलिमीटर फरक आला म्हणजे रस्त्यावरच्या वापराला ठीक. स्क्रू फिरवताना क्लिक वाजतात, कंपनीनं ठेवलेले क्लिक आधी मोजून कागदावर लिहून ठेवा, एका वेळी एकच स्क्रू, तोही दोनच क्लिक, आणि मग चालवून बघा. माझ्याकडं असल्या शॉकअपच्या गाड्या सर्व्हिसिंगला येतात, त्यांचे क्लिक बहुतेक वेळा कारखान्यातून आले तसेच असतात. स्क्रूच्या खाचेत धूळ बसलेली असते. मालकाला विचारलं तर म्हणतो, "सोनेरी आहेत न, भारी दिसतात."

यूएसडीवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. दर दोन-चार दिवसांनी जुन्या बनियननं ती नळी पुसत जा. आपली धूळ बारीक, ती सीलखाली जाऊन सील कापते. यूएसडीचं सील गळलं की तेल सरळ खाली येतं, आणि खाली ब्रेकचं कॅलिपर असतं.

क्विकशिफ्टरचं थोडक्यात. गिअरच्या दांड्याला सेन्सर असतो, पाय लावला की ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) क्षणभर इंजिनचा जोर तोडतो आणि क्लच न दाबता गिअर पडतो. आर१५ चा फक्त वर जाताना चालतो, खाली येताना क्लच आहेच. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांची गर्दी एका ठिकाणी येते, तिथं तुम्ही पहिल्या-दुसऱ्यातच असता. नांदेड हायवेला सहावा टाकला की अर्धा तास पाय हलत नाही. मजा येते, नाही म्हणणार नाही. एका गिऱ्हाईकाची गाडी ट्रायलला नेली तेव्हा मी विनाकारण पाच-सहा वेळा गिअर टाकले होते. बाहेरून बसवणार असाल तर वायरिंग कापून बसवू देऊ नका, वॉरंटीच्या वेळी तेच पुढं येतं. बाहेरच्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल मी बोलतच नाही. माझ्या गॅरेजवर तो बसत नाही.

टीएफटी मीटर शोरूमच्या एसीत बघू नका. गाडी बाहेर काढायला लावा, दुपारी बाराच्या उन्हात, आणि काळा गॉगल घालून आकडे वाचता येतात का बघा. आपल्याकडं मार्च ते जून उन्हातच गाडी चालवायची असते.

रंगाचं सांगितलं तर पोरं हसतात, पण ऐका. काही गाड्यांना मॅट रंग फक्त ठरावीक व्हेरियंटमध्ये मिळतो आणि त्याचे जास्त पैसे घेतात. आपलं पाणी बोअरचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूर जगलं, त्या उन्हाळ्यात मी वॉशिंग बंदच ठेवलं होतं. पण एरवीही गाडी धुतो ती बोअरच्याच पाण्यानं. धुऊन उन्हात लावली की थेंब वाळतात तिथं क्षाराचे पांढरे ठिपके उरतात. चकचकीत रंगावरचे पॉलिशनं जातात. मॅटला पॉलिश चालत नाही, घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. मॅट घ्यायचीच असेल तर धुतल्या धुतल्या सावलीत मऊ कपड्यानं टिपायची सवय लावून घ्या.

बसून बघायला घरातलं माणूस घेऊन जा. आर१५ ची सीट ८१५ मिलिमीटर उंच, मागची त्याहून वर, आणि धरायला फार काही नाही. माझी बहीण शोरूममध्ये एकदा बसली आणि म्हणली, "तुळजापूरला मी एसटीनंच जाईन." हे साध्या आणि वरच्या दोन्हींना सारखंच लागू, पण रेस किटसारखं हँडल आणखी खाली नेणारं काही घेणार असाल तर निदान वीस मिनिटं तसं वाकून बसून बघा. मनगटं काय म्हणतात ते दहाव्या मिनिटानंतर कळतं.

पैशाचं. एक्स-शोरूमचा फरक हा खरा फरक नसतो. रोड टॅक्स किमतीवर टक्क्यानं लागतो, इन्शुरन्सचा स्वतःच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणजे पासिंग होऊन गाडी दारात येईपर्यंत फरक फुगतो. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) मात्र सीसीवर असतं. १५० ते ३५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांचं २०२२ च्या दरानं ७,३६५ रुपये अधिक जीएसटी, साधी असो का वरची. गाडीवरचा जीएसटीही सीसीप्रमाणे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४०. त्यामुळं १५५ च्या वरच्या व्हेरियंटसाठी पैसे ओढून-ताणून जमवणारा माणूस उगाच साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाडीकडंही बघायला लागतो, त्यानं आधी हा आकडा बघावा.

समजा दारातला फरक वीस हजार आला. हप्त्यानं घेतली, ११ टक्क्यांनी तीन वर्षं, तर महिन्याला साडेसहाशेच्या वर जातात आणि शेवटी वीसचे साडेतेवीस हजार होतात. रोखीनं घेतली तर २०२५-२६ च्या हमीभावानं, ५,३२८ रुपयांनी, ते पावणेचार क्विंटल सोयाबीन. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोबाईल खिशात घालून बसला. गेल्या सप्टेंबरला गुडघाभर पाण्यातून सोयाबीन काढायला तोही होता.

बुकिंगच्या आधी पार्टच्या काउंटरवर एक चक्कर मारा. डावी फेअरिंग (बाजूचं प्लास्टिकचं आवरण), मीटर, हँडलची एक बाजू, पुढचा एक शॉकअप आणि ब्रेक लिव्हर, या पाच वस्तूंचे दोन्ही व्हेरियंटचे भाव लिहून घ्या. पहिल्या वर्षी गाडी एकदा तरी आडवी होते, स्टँडवरून का होईना. आणि विकताना? जुन्या गाडीचं गिऱ्हाईक माझ्यासमोर बसतं ते टायर बघतं, चेन-स्पॉकेट बघतं, पडलेली आहे का विचारतं. व्हेरियंटचे म्हणून दोन-तीन हजार वर दिले तर दिले.

एखादा पोरगा खरोखर ट्रॅकवर जाणारा असेल, तर त्यानं वरचीच घ्यावी, अॅडजस्ट होणारे शॉकअप असलेली. पण आपल्याकडून ट्रॅक म्हणजे चेन्नई, कोइमतूरसारखं लांब जाणं. बावीस वर्षांत माझ्या गॅरेजवरून तिकडं एकच जण गेला, आणि त्याला माझा सल्ला लागला नव्हता.

भाच्यानं साधी व्ही४ घेतली. पाडव्याला गाडी दारात आली, बहिणीनं ओवाळली, चाकाखाली लिंबू. उरलेल्या पैशातून आयएसआयचं चांगलं हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज मी माझ्यासमोर घ्यायला लावले, बाकीचे मेव्हण्यांना परत दिले. आठ दिवसांनी पहिली सर्व्हिसिंग विचारायला आला तर टाकीच्या बाजूला निळं एम चिकटवलेलं.

"हे काय रे?"

"रेडियमवाल्यानं साठ रुपये घेतले, मामा."